नारळाचा मान

पावसाळा अर्ध्यावर आला की आमच्या सोसायटीतली मुलं चिखलानं माखून घरी येतात आणि त्यांच्या आया जिन्यात उभ्या राहून त्यांच्यावर ओरडतात. मला ते ओरडणं आवडतं. एकटीच्या घरात दुसऱ्यांच्या रागाचा आवाजसुद्धा सोबतीला पुरतो. मुलांच्या पायांचे चिखलाचे ठसे माझ्या दारावरून पुढे जातात. ते मी लगेच पुसत नाही. कामाला येणारी बाई कुरकुरते, "आजी, तुमच्याकडं पोरंबाळं नाहीत, तरी दारात ही घाण कशी?" मी तिला चहा देऊन गप्प करते.

परवा दुपारी टीव्हीवर कुठल्यातरी परदेशातला फुटबॉलचा सामना चालू होता. मी बघत होते. उभा जन्म मराठी शाळेच्या आसपास काढलेल्या म्हातारीला फुटबॉलमधलं काय कळतं, असं कुणालाही वाटेल. वाटू दे. तर एका देखण्या खेळाडूनं गोल मारला, कॅमेऱ्यासमोर धावत आला आणि अंगातला शर्ट वर केला. आतल्या बनियनवर एक नाव लिहिलं होतं. हा त्याचा मित्र, काही गुन्ह्यापायी सध्या तुरुंगात आहे, आणि मित्र असावा तर असा, असं समालोचक गहिवरून सांगत होता. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. त्या पोराचा मला राग आला नाही. मैत्री वाईट नसते. पण तुरुंगातल्या त्या मित्रानं कुणाचं तरी काहीतरी केलं असणार ना? ते कुणीतरी आत्ता कुठे बसलं असेल? त्याच्या घरातही हाच सामना चालू असेल का? मी टीव्ही बंद केला. मग घरात नुसता पंख्याचा आवाज उरला आणि मला दादा आठवला.

आमचं घर तेव्हा पनवेलात खाडीच्या अंगाला होतं. पुढचं दार गल्लीत उघडायचं, मागच्या पडवीतून एक भातखाचर दिसायचं, त्यापलीकडे मैदान, मैदानामागे तिवरांची काळसर झाडी आणि तिच्याही पलीकडे मिठागरं. दारूबंदीचा काळ होता तो. बाबा मी लहान असतानाच गेले होते. घरात आई, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा दादा आणि मी. दादाचं नाव नामदेव, पण अख्खं पनवेल त्याला नामा म्हणायचं.

पावसात मिठागरं बुडायची. उन्हाळाभर ओढून ठेवलेल्या मिठाच्या राशींवर गवत शाकारलेलं असायचं आणि त्या राशी पाण्याच्या मधोमध झोपड्यांसारख्या दिसायच्या. तिथं राबणाऱ्या पोरांना दसऱ्यापर्यंत काम नसायचं. लावणी उरकली की शेतावरचीही मोकळी व्हायची. मग सगळी मिळून मैदानावर पडायची. इतर गावांत पावसात माणसं घरात बसतात, आमच्याकडे ती बाहेर निघायची. उलव्याची पोरं होडीतून यायची, तळोज्याची पायी यायची, कामोठ्याची तर हाकेच्या अंतरावर. सगळे अनवाणी. चेंडू चामड्याचा, वादीनं आवळलेला; दोन सरी पिऊन असा जड व्हायचा की डोक्यानं मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठायचा. तो वळ पोरं आठवडाभर मिरवायची, आणि वळ उतरायला आला की पुन्हा चेंडूखाली जायची.

दादा गोलकीपर होता. मीठ ओढून ओढून त्याचे पंजे सुपाएवढे झाले होते. चेंडू समोरून यायला लागला की तो दोन्ही पंजे एकमेकांवर आपटायचा, तो फाट्‌ असा आवाज आमच्या पडवीपर्यंत ऐकू यायचा आणि आई म्हणायची, "आला वाटतं चेंडू." संघाचा कप्तान गणपत. दोघं एका वर्गात नापास झालेले, एका दिवशी शाळा सोडलेले, एका मिठागरावर लागलेले. गणपत दिवसातून दोनदा तरी आमच्या दारात उभा असायचा. "नामा, ये रं!" एवढंच ओरडायचा. आत यायचा नाही, पायाला चिखल असायचा म्हणून. दादा जेवत असला तर हात धुवायलाही थांबायचा नाही. ती हाक ऐकली की आई कपाळावर हात मारायची आणि त्याचं ताट झाकून ठेवायची.

आता जे घडलं ते थोडक्यात सांगते. फार वेळ त्याच्यापाशी थांबायची माझी अजूनही तयारी नाही.

काशीशेठ नावाचे एक गृहस्थ होते. दिलदार माणूस. संघाचे निळे सदरे त्यांनी शिवून दिलेले, चेंडू त्यांचा, सामना जिंकला की भजी त्यांची. त्यांच्या हातभट्ट्या तिवरांत आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा पोलिसांची धाड पडली. मिठागराच्या बांधावरून दादा येत होता, त्याला थांबवून विचारलं, ही मडकी कुणाची? दादानं सांगितलं, काशीशेठची. त्याला खोटं सुचलंच नाही. मोठा शूर वगैरे नव्हता तो. विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच त्याला माहीत. वैशाख संपता संपता, एका संध्याकाळी, त्याच बांधावर काशीशेठनं त्याच्यावर कोयता चालवला. दादानं तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. अंगठा राहिला, चार बोटं गेली.

पोलिसांनी काशीशेठना पकडून नेलं. बांधावर त्या वेळी आणखी माणसं होती. त्यातल्या कुणीही काही पाहिलं नव्हतं. काशीशेठ आषाढात सुटून आले.

"रागाच्या भरात झालं हो," असं बायका आईला विहिरीवर सांगायच्या. जणू राग म्हणजे रस्त्यावरून जाणारा परका माणूस, तो आला, कोयता मारून गेला, आणि काशीशेठ बिचारे बाजूला उभे होते. आई घागर भरायची आणि परत यायची. घरी आल्यावर भांडी आपटायची.

गणपत आला नाही. दवाखान्यात आला नाही, घरी आला नाही. संघातलं कुणीच आलं नाही. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, लाजत असतील. आजारी माणसाला बघायला जाताना काय बोलावं ते पुरुषांना सुचत नाही, तसं असेल. मग आषाढ लागला, मैदानावर चेंडू उडायला लागला, आणि आमच्या पुढच्या दारावरची हाक आलीच नाही. दादा मागच्या पडवीत बसायला लागला. हात पंच्यात गुंडाळलेला. मैदानाकडे बघायचा नाही, कुंपणावरच्या भोपळ्याच्या वेलाकडे बघायचा, पण कान तिकडे असायचे. चेंडू कुणाकडे आहे हे त्याला ओरडण्यावरून कळायचं. "आता डावीकडनं येतील," असं म्हणायचा, आणि खरंच ते डावीकडून यायचे. मी शेजारी बसून गणितं सोडवायचे. आम्ही दोघं तासन्‌तास बसायचो, पण त्या बसण्यात मी त्याच्या सोबत होते असं मला आज म्हणवत नाही. तो तिथं एकटाच असायचा.

आमच्या मैदानाची एक रीत होती. सामना सुरू होण्याआधी मैदानाच्या कडेला दगडावर नारळ वाढवायचा. नारळ वाढवल्याशिवाय चेंडूला पाय लागत नसे. आणि तो कुणी वाढवायचा हे कप्तान ठरवायचा. तो मान. गावच्या जत्रेत पहिल्या नारळावरून डोकी फुटतात, मग इथं तरी मान कमी का असेल? कधी म्हाताऱ्या खेळाडूला, कधी कुणाच्या वडलांना, कधी नुकताच मुलगा झालेल्या बापाला. ज्याला मान मिळेल तो दिवसभर ताठ मानेनं हिंडायचा.

काशीशेठ सुटून आल्यावरच्या पहिल्या सामन्याला गणपतनं मान त्यांना दिला. पडवीतून मला सगळं दिसत होतं. ढोल वाजला, पोरांनी काशीशेठना खांद्यावर घेऊन मैदानात आणलं, खुर्चीवर बसवलं, हार घातला. पुढे सामन्यात गणपतनं गोल मारला. गोल मारल्यावर तो एरवी गोलकीपरकडे, म्हणजे दादाकडे, अख्खं मैदान तुडवत धावत यायचा. त्या दिवशी तो खुर्चीकडे धावला आणि चिखलात गुडघे टेकून त्यानं काशीशेठच्या पायांवर डोकं ठेवलं. टाळ्यांचा असा गजर झाला की खाचरातले बगळे उडाले.

दादानं मान वर केली नाही. "कुनी मारला, बाय?"

"गणपतनं."

"मग खेळ का थांबलाय?"

"नाचतात."

"एवडा येळ?" तो उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

गणपतला मी पुष्कळ वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता वय झालं, तर वाटतं, त्याच्या मनात दादाला दुखवायचं काही नसावं. त्याला काशीशेठचे उपकार दिसत होते, ते फेडायची संधी दिसत होती, समोर माणसं दिसत होती. खाचराच्या अलीकडे एक पडवी आहे, हे दिसत नव्हतं. हजार माणसांसमोर काही करताना समोरच्या हजारांकडेच लक्ष जातं. पण हे सगळं समजून घेतल्यानं माझं तोंड गोड होत नाही. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, आणि त्यात ओळखीचे हात पुष्कळ होते.

श्रावणात शेवटचा सामना असायचा, नारळी पौर्णिमेनंतरचा. त्याच्या दोन-चार दिवस आधी संघाचं कामकाज बघणारे मास्तर आमच्या घरी आले. मास्तर माणूस भला. छत्री मिटून दारात उभे राहिले, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले, आणि मग म्हणाले, "वहिनी, पोरांना वाईट वाटतंय. बोलत नाहीत, पण वाटतंय. या वेळचा नारळाचा मान नामाला द्यायचं ठरलंय. गणपतच म्हणाला."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "एवडे दिस कुटं व्हता गनपत?" तिनं विचारलं.

"आता येतोय ना. मोठ्या मनानं घ्या."

मोठं मन नेहमी आमच्याकडेच मागायला येतात, असं आई नंतर म्हणाली. पण तोपर्यंत दादा बाहेर आला होता. त्याचा चेहरा मी इतक्या दिवसांत तसा पाहिला नव्हता. "गनपत म्हनाला?" त्यानं मास्तरांना विचारलं. मास्तरांनी हो म्हटलं. दादानं पुन्हा विचारलं, "तो सोता म्हनाला?"

पुढचे दिवस घरात सणासारखे गेले. दादानं ट्रंकेतून निळा सदरा काढायला लावला. आईनं तो धुतला, पण पावसात वाळेना, म्हणून चुलीवर दोरी बांधून धुरात वाळवला. सदऱ्याला जळक्या लाकडाचा वास लागला तर दादा म्हणाला, असू दे. मी अभ्यासाला बसले की तो शेजारी येऊन बसायचा. "बाय, गनपत समोर आला की मी काय बोलू?"

"तू कशाला बोलतोस? त्यानं बोलावं."

"तो बोलंल. मंग मी काय बोलू?"

मी म्हटलं, "काही बोलू नकोस, नुसता हस." तो खरोखर हसून बघायला लागला. मला रडू आलं, पण मी वहीत डोकं घातलं.

सामन्याच्या दिवशी पाऊस उघडला होता. मैदानावर माणसं मावत नव्हती. कुणी मोठे सरकारी साहेब पाहुणे म्हणून आले होते, मांडवात खुर्च्या होत्या, झाडाला भोंगा बांधला होता. बायकांसाठी बांधावरची जागा. मी आणि आई तिथं उभ्या राहिलो. काशीशेठ त्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत होते. त्यांना बघून आईनं माझा दंड धरला. तिथं ते नसतील असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हीच धरून चाललो होतो.

मास्तर भोंग्यातून बोलले. आपल्या संघाचा जुना गोलरक्षक, दुर्दैवाचा घाला, खिलाडू वृत्ती, असं बरंच. दुर्दैवाचा म्हणाले. मग गणपत पुढे आला, आणि भोंग्याकडे न जाता, नेहमीच्या आवाजात ओरडला, "नामा, ये रं!"

दादा गेला. धावतच गेला म्हणायचं. गणपतनं ताटातला नारळ उचलला आणि त्याच्यापुढे केला. दादानं डाव्या हातानं घेतला. उजवा पंच्यात होता.

तिथं सगळं थांबलं. शुभकार्याचा नारळ डाव्या हातानं वाढवायचा नसतो, हे मैदानावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि नामाच्या उजव्या हाताला बोटं नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण मान द्यायचं ठरवताना, मांडव घालताना, भोंगा बांधताना, या दोन गोष्टी कुणाच्याही मनात एका वेळी आल्या नव्हत्या. इतकी माणसं, इतकी तयारी, आणि ज्याच्यासाठी ती, त्याच्या हाताकडे कुणी बघितलंच नव्हतं. दादानं नारळ छातीशी धरला. एकदा दगडाकडे बघितलं, एकदा गणपतकडे. गणपत खाली बघत होता.

"डाव्यानं नको रे," मागून कुणीतरी म्हातारं बोललं. "आजचा दिस चांगला हाय."

कुणी हसलं. मास्तरांनी भोंग्यावर हात ठेवला. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं.

तेव्हा काशीशेठ उठले. त्यांच्या मनात काही वाकडं होतं असं मला आजही वाटत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. त्यांना एक अडचण दिसली आणि ती सोडवायला ते उठले, जसे ते नेहमी उठायचे. दादाच्या हातातून त्यांनी अलगद नारळ घेतला. "आन, मी वाढवतो. तू माझ्या हाताला हात लाव. झाला तुझाच मान."

पूजेला नवरा बसतो तेव्हा बायको त्याच्या हाताला हात लावते, तसं. गर्दीतून सुस्कारा सुटला. मार्ग निघाला होता. गणपतनं मान वर केली आणि दादाकडे बघून, लवकर आटप, अशी मान हलवली.

मी आईकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते. मला ओरडायचं होतं, दादा, नको लावूस. माझं वय ते काय, आणि बांधावर बायकांमध्ये उभी होते मी. दादा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं डावा हात पुढे केला आणि काशीशेठच्या उजव्या कोपरावर ठेवला. ज्या हातानं कोयता चालवला, त्याच हातावर. तो हात वर गेला, दादाचा हात त्याच्यासोबत वर गेला, दोन्ही खाली आले. नारळ फुटला. पाणी उडालं.

टाळ्या थांबेनात. साहेबांनी रुमालानं डोळे टिपले. मास्तर भोंग्यातून म्हणाले की आज दिलजमाई झाली, पनवेलच्या मैदानानं साऱ्या महाराष्ट्राला उदाहरण घालून दिलं. काशीशेठनी दादाच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या खुर्चीकडे गेले. सामना सुरू झाला. मग लक्षात आलं की दादाला कुठे बसवायचं हे कुणी ठरवलेलं नाही. खुर्च्या भरल्या होत्या. तो थोडा वेळ दगडापाशी, नारळाच्या कवट्यांजवळ उभा राहिला. नंतर गोलच्या मागे जाऊन उभा राहिला. सामना संपेपर्यंत तिथेच होता. एकदा चेंडू बाहेर आला तो त्यानं पायानं आत लोटला. नव्या गोलकीपरनं मागे न बघताच तो घेतला. आमचा संघ जिंकला. पोरं कप्तानाला उचलून नाचत मांडवाकडे गेली आणि मैदानाच्या त्या टोकाला निळा सदरा घातलेला एकटा माणूस उरला.

या प्रसंगाबद्दल दादा पुढे कधी बोलला नाही. तो पुष्कळ जगला. मिठागरावर राखणदार झाला, पुढे एका कारखान्याच्या फाटकावर बसला, लग्न केलं नाही. मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या पहिल्या वर्गाला बघायला आला आणि पोरांना डाव्या हातानं गोळ्या वाटल्या. घेताना एकही पोर अडलं नाही. आता तोही नाही. मिठागरं तर कधीच गेली. खाडीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत ती कुठे होती हे मलाही नक्की दाखवता येणार नाही.

पण त्या संध्याकाळी घरी परत येतानाचं मला लख्ख आठवतं. खाचराच्या बांधावरून आम्ही तिघं एकामागे एक चाललो होतो. पुढे आई, ती तर चालत नव्हती, पळत होती. मग मी. माझ्या मागे दादा. मला राग आला होता; काशीशेठचा, मास्तरांचा, गणपतचा, आणि सगळ्यात जास्त दादाचा. कसा लावला यानं हात? लाज कशी वाटली नाही? घराजवळ आल्यावर मी गर्रकन वळले, आता विचारतेच म्हणून.

दादा हसत होता. नुसता चेहरा नाही, सगळं अंग हसत होतं.

"ऐकलंस कं, बाय?" तो म्हणाला. "भोंग्यात नाय वरडला. सोताच्या तोंडानं वरडला. नामा, ये रं. पैल्यासारखा."

"ऐकलं," मी म्हटलं.

"उद्या येल बग तो घरी. आज गडबडीत व्हता. उद्या येल."

दुसऱ्या दिवशी आईनं ओटी सारवली. गणपत आला नाही. तो येणार नाही हे आईला त्या संध्याकाळीच कळलं होतं, मला चार दिवसांनी कळलं. दादाला कळायला दसरा उजाडला.